डोंगरातली शर्यत आणि माझे नऊ पॉइंट चार

(संघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले हे भाषण. सभेनंतर बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून इथे छापत आहोत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय 'महिलांचे आरोग्य'. दरवर्षी मी याच विषयावर तक्ता लावून बोलते आणि मागच्या दोन रांगा जांभया देतात. मला इथून सगळं दिसतं, बरं का. आज तक्ता आणला नाही. आज मी शर्यतीची गोष्ट सांगणार आहे, आणि ती माझीच आहे. सांगताना थोडी लाज वाटणार आहे, पण दोन वर्षं पोटात ठेवली, आता सांगून टाकते.

आपल्या शेजारच्या खोऱ्यात डिसेंबरमध्ये डोंगरातली शर्यत होते, हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. त्याला ट्रेल रेस म्हणतात. ट्रेल म्हणजे पायवाट. आपण ज्या वाटेने जळण आणतो, गुरं नेतो, देवीला जातो, तीच वाट. त्या वाटेने आपण रोज फुकट चालतो, आणि त्या दिवशी शहरातले लोक दोन हजारांच्या वर फी भरून चालतात. हसू नका, मीही भरली होती. माझ्या पगारातून.

ही शर्यत रस्त्यावरच्या मॅरेथॉनसारखी नसते. मॅरेथॉनला सपाट डांबर, आणि नुसतं अंतर मोजायचं. इथे अंतर आणि चढ दोन्ही मोजतात. माझी शर्यत २५ किलोमीटरची होती आणि वाटेतले सगळे चढ एकत्र केले तर बाराशे मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर महाराष्ट्रात सगळ्यात उंच, समुद्रापासून १६४६ मीटर. म्हणजे समुद्राच्या काठावरून निघायचं आणि कळसूबाईच्या पाऊण उंचीएवढं चढायचं, तेही तुकड्यातुकड्यानं, मध्ये पुन्हा उतरून. वेळ साडेसहा तास. मध्ये ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेत पोचला नाहीत तर तिथेच थांबवतात, छातीवरचा नंबर काढून घेतात आणि जीपमधून परत आणतात. अंधारात कुणी डोंगरात अडकू नये म्हणून हा नियम. वाट चुकू नये म्हणून कारवीला, झाडांना रंगीत फिती बांधलेल्या असतात. सगळ्यांच्या मागून दोघं-तिघं चालत येतात, कुणी मागे राहिलं नाही ना ते बघायला.

मी एमएसडब्ल्यू करताना कॉलेजमध्ये धावायचे. त्यामुळे मला वाटलं, आपल्याला काय, सहज होईल. नाव नोंदवताना डॉक्टरांचा फिटनेस दाखला मागतात. तो मी घेतला. डॉक्टरांनी नाडी बघितली, वजन केलं आणि सही दिली. रक्त तपासलं नाही, आणि मीही तपासा म्हणाले नाही. तुमच्या गावात येऊन 'वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन तपासा गं' असं सांगणारी मी. माझं स्वतःचं शेवटचं कधी तपासलं होतं, ते मला आठवत नव्हतं.

सकाळी सहाला शर्यत सुरू झाली. थंडी, डोक्याला बॅटरी, पायाखाली मुरूम. पहिल्या चढालाच मी धावायला लागले. माझ्या पुढचे मागचे सगळे चालत होते, मला वाटलं हे हळूबाई दिसतात. खरं तर डोंगरातल्या शर्यतीत चढ धावायचाच नसतो. मोठमोठे धावपटूसुद्धा खडा चढ चालतात, गुडघ्यावर हात टेकून, श्वास सांभाळून. हे मला नंतर कळलं. तुम्हाला कुणी न सांगता माहीत आहे, कारण डोक्यावर हंडा असताना चढाला धावलेली बाई मी अजून बघितलेली नाही.

पण माझी खरी चूक ती नव्हती. खरी चूक पाण्याची. पाठीवर दीड लिटर पाणी होतं आणि मी ते पीतच नव्हते. का? तर पाणी प्यायलं की लघवीला लागेल. आणि जायचं कुठे? पुढे पुरुष, मागे पुरुष, उघडं पठार. पुरुष दगडाआड गेले की झालं. आणि त्यात माझी पाळीचा तिसरा दिवस होता. म्हणून मी ठरवलं, शेवटपर्यंत पाणी नाही प्यायचं.

आज तुमच्यातल्या किती जणी सकाळपासून पाणी न पिता आल्यात? खरं सांगा. बघा, किती हात वर आले. तालुक्याला बँकेत जायचं असलं, सभेला यायचं असलं, एसटीनं माहेरी जायचं असलं की आपण काय करतो, आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतो. मी तेच डोंगरात केलं, धावत.

चौदा किलोमीटरला पोटऱ्यांना गोळे यायला लागले. पंधराला डोकं दुखायला लागलं. सतरा किलोमीटरवर पाण्याचा दुसरा थांबा होता. तिथे चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, लिंबू सरबत मांडलेलं होतं. आणि ते मांडून कोण उभं होतं? आपल्याच संघातला एक गट. आयोजकांनी त्या गावातल्या बायकांना थांब्यावरच्या खाण्याची ऑर्डर दिली होती. (त्या ऑर्डरचे पैसे तीन आठवडे उशिरा आले, तो वेगळा विषय. सचिव ताई, तो मी शेवटी काढणार आहे.)

मी तिथे पोचले आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मला घेरी आली, मी बसले. एक मावशी पुढे आल्या. नाव सांगत नाही, त्या इथे बसल्यात आणि आत्ताच तोंडाला पदर लावलाय. त्यांनी मला ग्लास दिला, म्हणाल्या, "आधी पाणी प्या ताई, मग बोला." मग त्यांनी माझी हनुवटी धरली, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी खाली ओढली आणि बाकीच्या बायकांना हाक मारली. "अगं इकडं या, बघा. ताईंची पापणी पांढरी फटक हाय. तक्त्यातल्यागत."

तक्त्यातल्यागत! तो तक्ता मीच दाखवला होता. आठ महिन्यांपूर्वी, त्यांच्याच अंगणात. पापणी आतून लालसर असली तर बरं, फिकट असली तर रक्त कमी असेल, तपासून घ्या. मावशी त्या दिवशी मागे बसल्या होत्या, मला वाटलं झोपल्यात.

माझी वेळ तिथेच संपली. बारा मिनिटांनी. नंबर काढून घेतला आणि जीपमध्ये बसवलं. निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे 'अपूर्ण' असं आलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही, जीपमध्ये मी रडले. पण रडू शर्यतीपेक्षा मावशींच्या अंगठ्याचं जास्त होतं.

दोन दिवसांनी रक्त तपासलं. नऊ पॉइंट चार. बाईचं बाराच्या वर पाहिजे, गरोदर असेल तर अकराच्या वर. आठ ते अकराच्या मधलं म्हणजे मध्यम रक्तक्षय. हे आकडे मी तुम्हाला चार वर्षं शिकवतेय. केंद्र सरकारचं २०१९ ते २०२१ मध्ये झालेलं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे, त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींचं रक्त कमी निघालं. मी हा आकडा प्रत्येक प्रशिक्षणात सांगितला आणि दर वेळी मला वाटायचं, मी त्या बाकीच्या ४६ मधली.

डॉक्टर बाईंनी विचारलं, पाळी किती दिवस जाते? मी म्हटलं, सात, कधी आठ. कपडा किती वेळा बदलावा लागतो? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हे कधीपासून? मी म्हटलं, कॉलेजपासून. "मग कधी दाखवलं का नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. माझ्या आईचंही तसंच होतं. आईनंही कधी दाखवलं नाही.

मग उपचार सुरू झाले. आधी जंताची गोळी, मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज लोहाची गोळी. पाळीचंही औषध झालं. लोहाच्या गोळीबद्दल खरं काय ते सांगते, कारण आपल्या गटांत गोळ्या डब्यात पडून असतात. शौचाला काळं होतं, घाबरू नका, ते गोळीमुळे होतं. पहिले आठ-दहा दिवस मळमळतं. मला तर पोट साफ व्हायला त्रास व्हायचा. मी उपाशीपोटी घेत होते, मग सिस्टरनी जेवणानंतर घ्यायला सांगितली, त्यानं सोसायला लागली. चहाबरोबर गोळी घेतली तर फुकट जाते, चहा लोह अंगी लागू देत नाही. तास-दीड तासाचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेलं पाणी, आवळा, पेरू यानं ते जास्त लागतं. तीन महिन्यांनी माझं अकरा पॉइंट दोन झालं. गोळी लगेच बंद करायची नाही असं डॉक्टर बाईंनी बजावलं, अंगातला साठा भरायला अजून काही महिने लागतात. आपल्या बचतीसारखंच की, हप्ता फिटला म्हणजे शिल्लक पडली असं नाही.

आता पुढची गोष्ट. मी बरी झाल्यावर त्याच मावशींच्या गावात गेले आणि म्हटलं, मला परत धावायचंय, तुम्ही मला शिकवा. आधी खूप हसल्या. मग रविवारी सकाळी आम्ही पाच जणी डोंगरावर जायला लागलो. शिकवणं म्हणजे काय, जळणाला जायच्या वाटेवर मी त्यांच्या मागं. उताराला मी घाबरायचे, पाय अडवत अडवत उतरायचे, गुडघे दुखायचे. मावशी म्हणाल्या, "ताई, पाय अडवू नका, लहान लहान टाका. डोईवर मोळी असली की माणसाला अडवता येत न्हाय, तसं उतरा. नजर पायाशी नको, चार पावलं पुढं ठेवा." धावण्याच्या पुस्तकात हेच लिहिलेलं आहे, फक्त मोळी नाही.

नेपाळची मीरा राय नावाची एक धावपटू आहे, तिची गोष्ट मी त्यांना सांगितली. पूर्व नेपाळमधल्या भोजपूर जिल्ह्यातल्या डोंगरी खेड्यातली पोर. लहानपणी शाळा सुटली, घरासाठी धान्याची ओझी घेऊन डोंगर चढायची-उतरायची. पुढे लहान वयातच माओवाद्यांच्या सैन्यात गेली, परत आली. २०१४ मध्ये काठमांडूजवळ धावायला गेली, तिला वाटलं सराव आहे, तर ती ५० किलोमीटरची शर्यत निघाली. जवळ खायला काही नव्हतं. आणि ती जिंकली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मॉँ ब्लाँ डोंगराच्या परिसरातली ८० किलोमीटरची शर्यतही जिंकली.

ही गोष्ट लोक कशी सांगतात माहितीये? 'बघा, उपाशी धावून जिंकली.' मीही आधी तशीच सांगायचे. आता मला ते आवडत नाही. तिच्या पायात ताकद होती म्हणून ती जिंकली, उपाशी होती म्हणून नाही. तिला आधी कुणी खायला दिलं असतं तर काय ती हरली असती का? आपल्याकडे बाईचं कौतुक करायचं म्हणजे ती किती उपाशी राहिली, किती दुखणं अंगावर काढलं, तेच सांगतात.

त्यापेक्षा मला ही गोष्ट आवडते. ब्रिटनमधली जॅस्मिन पॅरिस. जानेवारी २०१९, कडाक्याच्या थंडीत, ४३० किलोमीटरच्या आसपासची डोंगरवाटेची शर्यत. घरी तिची चौदा महिन्यांची मुलगी, अजून अंगावर पिणारी. तर ही बाई थांब्यांवर थांबायची आणि लेकीसाठी दूध काढून ठेवायची. मग परत धावायची. ८३ तास १२ मिनिटांत पोचली आणि पुरुषांसकट सगळ्यांत पहिली आली. थांबून!

कपड्यांचा प्रश्न आमच्याकडेही निघाला. एका वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, पँट घालून नाचायला जायचं नाही. त्यांना मी बारामतीच्या लता करे यांच्याबद्दल सांगितलं. नवऱ्याच्या आजारपणाला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही आजी नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावली आणि तिच्या गटात पहिली आली. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात काम त्यांनीच केलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग नऊवारीत जा." वहिनी शेवटी सलवार-कमीजवर गेल्या. मधला मार्ग निघाला.

पुढच्या वर्षी आयोजक परत खाण्याच्या ऑर्डरसाठी गावात आले. या वेळी ग्रामसंघानं आधी बैठक घेतली, इतिवृत्त लिहिलं आणि मागणीपत्र दिलं. त्यात तीन गोष्टी होत्या. निम्मे पैसे आगाऊ. आपल्या खोऱ्यातल्या बायकांना शर्यतीची फी माफ. आणि दोन्ही पाण्याच्या थांब्यांवर बायकांसाठी संडासाची सोय. ही तिसरी मागणी मी सुचवलेली नव्हती, मावशींनी सुचवली. आयोजकांपैकी एक जण म्हणाला, डोंगरात कुठून आणायचं? मावशी म्हणाल्या, "खुर्च्या, मंडप, स्पीकर आणता न्हवं? मग त्येच्याबरोबर आणा." पहिल्या थांब्यावर फिरता संडास आला. दुसऱ्या थांब्यापर्यंत गाडी जात नाही, तिथे ताडपत्रीचा आडोसा, खड्डा, पाण्याची बादली आणि पॅडसाठी कागदाचा गठ्ठा. आगाऊ पैसे निम्मे नाही, तीसेक टक्के मिळाले. ते यंदा परत मांडायचंय.

शर्यतीच्या आधी आमच्या चौघींचंही रक्त तपासलं. एक जण साडेनऊ निघाली. तिला आम्ही धावू दिलं नाही. खूप भांडली. ती त्या दिवशी थांब्यावर सरबत वाटायला उभी होती आणि माझ्याशी बोलली नाही. यंदा तिचं बारा आहे, आणि नाव तिनं सगळ्यांच्या आधी नोंदवलंय.

बाकी तिघी दहा किलोमीटर धावल्या, तिघी पूर्ण करून आल्या. मी परत २५ ला उभी राहिले. चढ चालले. दर वीस मिनिटांनी चार घोट, कधी साधं पाणी, कधी मीठ-साखरेचं. नुसतं साधं पाणी ढोसायचं नसतं, घामातून मीठ जातं ते भरून यायला हवं. सतरा किलोमीटरच्या थांब्यावर पोचले, ताडपत्रीमागे गेले, हात धुतले, बटाटे खाल्ले. घड्याळ बघितलं, सहा मिनिटं गेली होती. मागच्या वर्षी याच जागी माझी शर्यत बारा मिनिटांसाठी संपली होती, म्हणून छातीत धडधडलं. मावशी म्हणाल्या, "बघत काय बसलाय, सुटा आता." सुटले. पाच तास बावन्न मिनिटांत पोचले. माझ्या वयोगटात मी कितवी आले ते विचारू नका, मागून मोजायला सोपं पडेल.

आता कामाचं. आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे तो मीच मांडलाय. प्रत्येक गटानं वर्षातून दोनदा, हिशेब तपासणीच्या महिन्यात, सगळ्या सदस्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. आकडा ज्याचा त्याच्याजवळ, रजिस्टरला फक्त 'तपासलं' एवढंच लिहायचं. उपकेंद्रात तपासणी होते, गट मिळून गेलात तर सिस्टरही वेळ देतात. आणि संघाच्या कुठल्याही सभेला, जत्रेला, प्रशिक्षणाला जागा ठरवताना आधी संडास आणि पाणी बघायचं, मग मंडप. आजच्या जागेला आहे, शाळेच्या मागच्या बाजूला, किल्ली शिपाई मामांकडून घेऊन मी उघडून ठेवलीय. पाणी प्या.

सिस्टर आल्यात, कोपऱ्यातल्या वर्गात बसल्यात. जेवणाच्या आधी तपासणी सुरू होईल. पहिला नंबर माझा आहे. मला गेल्या सहा महिन्यांत वेळ मिळाला नाही म्हणून तपासलेलं नाही, मावशी ओरडायच्या आधी मीच सांगते. माझा आकडा मी फळ्यावर लिहीन, काय येईल ते येईल. तुमचा लिहायचा नाही. चला, रांगेत या.